खाडीवरचा विनंती थांबा

खोली भाड्याने देताना घरमालक सहसा पाण्याची वेळ सांगतो, विजेचं सांगतो, फाटकाची कडी कशी लावायची ते सांगतो. आमच्या घरमालकांनी मला एवढंच सांगितलं, “बाई, वाडीत चालताना खाली बघून चालायचं. पायाला खापर लागलं तर उचलायचं, कुठं लागलं ती जागा लक्षात ठेवायची आणि ओटीवर आणून द्यायचं. बाकी तुमचं तुम्ही बघा.”

मी तेव्हा पंचविशीची होते. दिवेआगरच्या अलीकडे खाडीकाठी असलेल्या त्या गावात हायस्कूलवर विज्ञान शिकवायला नव्यानेच आले होते. मला वाटलं, माझ्या पायाला इजा होऊ नये म्हणून म्हातारा काळजी करतोय. मी आभार मानले, तर ते जरा गोंधळून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर गेले तेव्हा उलगडा झाला. ओटीच्या कडेने पोफळीच्या विऱ्या ओळीने मांडलेल्या होत्या. पोफळीचं झावळ गळतं तेव्हा त्याच्या बुडाशी जो पसरट, जाड भाग असतो ती विरी. तिकडे तिचा ताटासारखा उपयोग करतात. इथे प्रत्येक विरीत खापरं होती. लाल, काळी, करडी, काही नखाएवढी तर काही तळहाताएवढी. प्रत्येक खापराखाली एसटीचं जुनं छापील तिकीट होतं, आणि त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात सापडल्याची जागा आणि दिवस लिहिलेला. काही खापरांखाली मात्र तिकीट अर्धंच फाडलेलं दिसलं. ती का, असं मी विचारलं. “ती संशयित आहेत,” ते म्हणाले. “पूर्ण तिकीट द्यायचं तर पुरावा लागतो.” मी हसले, आणि त्यांना राग आला.

माणगावच्या स्टँडवर त्यांनी सगळी नोकरी वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. गावात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे, लहानथोर सगळे कंट्रोलर म्हणत. मी त्यांना काका म्हणायचे. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी हायवेवरच्या गाड्यांच्या वेळा त्यांच्या अंगातून गेल्या नव्हत्या. काकूंनी जेवायला हाक मारली की “पंधरा मिनिटं उशिराने” असं उत्तर जायचं. पाहुणा आला की “कुठून सुटलात?” आणि निघाला की “पुढचा थांबा कुठला?” जावई पहिल्यांदा घरी आले तेव्हाही त्यांनी हेच विचारलं, तेही पाय धुवायच्या आत, असं काकू सांगायच्या. बोलताना ते समोरच्याकडे बघत नसत. मान जरा वर करून, स्पष्ट शब्दांत, प्रत्येक वाक्य दोनदा सांगितल्यासारखं बोलत. शेजारची माणसं आपापल्या ओटीवर बसून त्यांच्या घरातलं सगळं भांडण शब्दन् शब्द ऐकू शकत.

रोमन लोकांचा नाद त्यांना नोकरीतच लागला. कधीतरी एका अभ्यासकांची गाडी चुकली. पुढची तीन तासांनी होती. कंट्रोलरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला. त्या गृहस्थांनी पिशवीतून एक खापर काढून दाखवलं. दोन हजार वर्षांपूर्वी इटलीची दारू या किनाऱ्याला येत असे, उंच, दोन कानांच्या रांजणांतून. हे त्यातल्याच एका रांजणाचं खापर. मोडलेल्या कडेला बघा, काळे कण दिसतात ना? ती तिकडच्या ज्वालामुखीची वाळू. एवढं सांगून ते गृहस्थ गाडीत बसून गेले, ते पुन्हा कधी दिसले नाहीत. यांनी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. “चौकशीला आलेल्याचं नाव आम्ही विचारत नसू,” ते म्हणत. पण त्या दिवसापासून हा माणूस जो खाली मान घालून चालायला लागला, तो मी पाहिलं तोवर तसाच चालत होता.

त्यांच्या मनात रोमची जहाजं म्हणजे लांब पल्ल्याच्या हंगामी गाड्या होत्या. तांबड्या समुद्रातून सुटायच्या, पावसाळी वाऱ्यावर इकडे यायच्या, मोठ्या बंदरात मुक्काम करायच्या आणि वारा फिरला की परत. मोठ्या बंदरांचं त्यांना कौतुक नव्हतं. “डेपो सगळ्यांनाच माहीत असतात हो. मधले थांबे कोण लिहून ठेवतं?” आपलं गाव हा या मार्गावरचा विनंती थांबा होता, असा त्यांचा सिद्धांत. गोडं पाणी भरायला, नारळ घ्यायला, काठावरून कुणी हात केला तर थांबायचं. असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही, असं मी एकदा म्हणाले. त्यांनी मला बसवलं आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, “नोंद नाही म्हणजे गाडी आलीच नाही, असं होत नाही बाई. आयुष्यभर नोंदी केल्यात मी. मला विचारा.”

हरिहरेश्वरला जाणारे पर्यटक आमच्या गावच्या किनाऱ्यावर घटकाभर थांबत. हे त्यांच्या मागे जायचे. “काय उचललंत, दाखवा जरा.” ठाण्याच्या एका जोडप्याला हे पोलीसच वाटले. त्या बिचाऱ्यांनी घाबरून खिसे उलटे केले. सगळे शिंपले निघाले. यांनी एकेक शिंपला उलटापालटा करून पाहिला आणि “हं, हे न्या” म्हणून परवानगी दिली. चुलतभावाच्या अंत्ययात्रेला गेले तेव्हा तर कमालच केली. खाडीकाठच्या स्मशानात लाकडं रचायचं काम चाललं होतं आणि हा माणूस खाली वाकला, काहीतरी उचललं, धोतराला पुसलं आणि उजेडात धरून बघायला लागला. भावाच्या घरचे पुढे दोन वर्षं यांच्याशी बोलत नव्हते. “खापर तरी चांगलं होतं का?” मी विचारलं. “अर्धं तिकीट,” ते खिन्नपणे म्हणाले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं, कारण वाडी काकू बघायच्या. नोकरीत असताना काका पाळीवर माणगावला असत, आठवड्यातून एकदा येत. शिंपणं, सुपारी काढून वाळवणं, नारळ पाडून घेणं, माणसं सांभाळणं, सगळं काकूंनी केलं. त्या बोलायच्या कमी. खाडीच्या बाजूला आठ माड होते, एका रांगेत. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा ती गुडघ्याएवढी रोपं होती. त्यांना कळशीने पाणी घालायचं काम नव्या सुनेकडे आलं. एकदा त्या मला तिकडे घेऊन गेल्या होत्या, प्रत्येक माडाला हात लावून म्हणाल्या, “हे माझे. बाकीची वाडी ह्यांच्या वडिलांची.”

वादळ आलं त्या दिवशी मी त्यांच्याच घरात होते. मधल्या खोलीत आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून बसलो होतो. कौलं उडत होती, आणि बाहेर माड पडताना जो आवाज होतो तो मला पुन्हा ऐकायचा नाही. दुपार कलली तसा वारा उतरला. दार उघडलं तर जिथे कधी आभाळ दिसलं नव्हतं तिथे आभाळच आभाळ होतं. वाडी आडवी झाली होती. खाडीकडचे आठही माड मुळांसकट उपटून पडले होते, आणि प्रत्येकाच्या बुडाशी माणूस उभा राहील एवढा खड्डा झाला होता.

काकू पहिल्या माडाच्या खोडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या रडत नव्हत्या. मी त्यांच्याजवळ गेले. काकाही येतील असं मला वाटलं. ते आलेच नाहीत. ते खड्ड्यात उतरले होते. एकामागून एक खड्ड्यात उतरून हाताने माती चाचपत होते. तिसऱ्या खड्ड्यातून ओरडले, “बाई, कान! कान आहे!” त्यांच्या हातात मातीच्या भांड्याचा एक कान होता, वीतभर लांब, मनगटाएवढा जाड, वरच्या अंगाला वाकलेला. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. काकूंनी मान वळवून पाहिलंही नाही. मला तेव्हा त्या माणसाचा संताप आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही आठवलं की येतो.

पुढे काही महिने सगळं गाव वाडी साफ करत होतं. लोकांनी पडलेली झाडं तोडून नेली, नवी रोपं लावली. आमच्याकडे बाकीच्या वाडीत रोपं लागली, पण ते आठ खड्डे तसेच. नारळ पाडायला येणारा गडी दर वेळी विचारायचा, “कंट्रोलर, ह्ये खड्डं बुजवायचं हाय का न्हाय? पानी साचून मच्छर व्हतील.” “काम चालू आहे,” हे म्हणायचे. काम म्हणजे पावसाळ्यात त्या खड्ड्यांत बेडूक ओरडायचे, आणि पाणी आटलं की हे स्वयंपाकघरातला जुना डाव घेऊन एकेका खड्ड्याची कड खरवडत बसायचे. आजूबाजूच्या वाड्यांतली रोपं कमरेला लागली. काकू रोज पाणी घालायला त्या खड्ड्यांना वळसा घालून जायच्या.

कानाच्या मोडलेल्या कडेला काळे कण होते. ते मला ओटीवर बोलावून म्हणाले, “तुम्ही विज्ञानाच्या. बघून सांगा.” मी शाळेतून सूक्ष्मदर्शक आणला. कडेचा चुरा काचेवर घेऊन बघितला, खडकांच्या नमुन्यांच्या पेटीशी ताडून पाहिला, आणि सांगितलं, “ज्वालामुखीच्या खडकाचे कण आहेत, काका. शंकाच नाही.” त्यांनी त्याच वेळी कानाला पूर्ण तिकीट दिलं. मलाही फार बरं वाटलं. एवढ्या लांबचा ज्वालामुखी आपल्या ओटीवर येऊन बसला, असं मी शाळेत मुलांना रंगवून सांगितलं.

एका जाणकारांना त्यांनी पत्र लिहिलं होतं. वस्तू टपालाने पाठवा, असं उत्तर आलं. “टपालाने?” यांचा आवाज चढला. “मुलगी बघायला टपालाने पाठवतं का कुणी?” तो विषय तिथेच संपला. तो कान त्यांनी कुणाच्या हाती म्हणून दिला नाही, फोटोसुद्धा काढू दिला नाही.

शेवटी काकूच बोलल्या. दुपारी जेवणं झाल्यावर ओटीवर सुपारी निवडत होत्या, तशाच खाली मान घालून म्हणाल्या, “एकदा काय ते होऊन जाऊ दे. तुमचा कान रोमचा निघाला तर ते आठ खड्डे तुमचे. जन्मभर उकरा, मी तोंडातून शब्द काढायची नाही. नाही निघाला तर सगळे बुजवायचे आणि आठ माड लावायचे.”

“कबूल. पण ठरवणार कोण?”

“जिथून आला म्हणता तिथंच जाऊन विचारा.”

काकूंनी ते वैतागून म्हटलं होतं, गप्प करायला. पण ज्या माणसाला मार्ग आणि शेवटचा थांबा सांगितला की तो वेळ विचारतो, त्याला हे सांगायला नको होतं. यथावकाश माझी बदली पनवेलला झाली. मध्ये बराच काळ गेला. मग एक दिवस फोन आला. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, पुण्याला असणारा त्यांचा मुलगा दोघांना इटलीच्या सहलीला पाठवत होता. “बाई, तुमचीही सीट धरायला सांगितलीय. मला तिकडचं इंग्रजी कळणार नाही.” मलाही युरोप बघायचाच होता. मी हो म्हणाले.

रोममध्ये सगळी मंडळी मान वर करून बघत होती आणि काका मान खाली घालून. ते भलंमोठं गोल प्रेक्षागृह बघून “हं, डेपो” म्हणाले आणि सावलीत जाऊन बसले. काकूंना कारंजी आवडली. त्या प्रत्येक कारंज्याशी थांबून पाणी कुठून येतं ते बघत, आणि मला विचारत, “पंप कुठाय ह्याचा?”

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बस नेपल्सच्या पुढे गेली. तिथे एका जुन्या रोमन शहराचे अवशेष होते. छप्पर नसलेली घरं, दगडी रस्ता, रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा. काका त्या खाचांत बोटं घालून बसले. उन्हात अर्धा तास तसे चाललो आणि त्या पडक्या घरांच्या टोकाला बांधलेल्या संग्रहालयात शिरलो. लहानशी इमारत, आत गारवा, माणसं कमी. पहिल्या दालनात दागिने, दुसऱ्यात दिवे, आणि तिसऱ्यात रांजण. लाकडी मांडणीवर एकावर एक आडवे रचलेले, जहाजाच्या पोटात जसे रचत तसे. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे, काही काकूंएवढे उंच.

काकांनी टोपी काढली. एका फुटक्या रांजणाच्या कडेशी वाकून त्यांनी चष्मा वर केला आणि माझी बाही ओढली. “बाई, तेच. काळे कण. बघा.” त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली घेतली, तिच्यातून काकूंचा चिवड्याचा डबा काढला, आणि चिवड्यात हात घालून कागदात गुंडाळलेला तो कान बाहेर काढला.

जुन्या वस्तू देशाबाहेर नेऊ नयेत असा कायदा आहे, हे मला ठाऊक होतं. ते त्यांनाही ठाऊक असणार, म्हणूनच चिवडा. काकूंनी डबा भरला तेव्हा त्यात कान नव्हता, हे त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. मी काही बोलायच्या आत काकांनी तो कान मांडणीवरच्या रांजणाच्या कानाला लावून पाहिला, आणि नेमका त्याच वेळी रखवालदार दालनात आला.

त्याने काय पाहिलं असेल? एक म्हातारा, त्याच्या हातात रांजणाचा कान, शेजारी फुटके रांजण, खाली चिवडा सांडलेला. त्याने काकांचं मनगट धरलं. पाच मिनिटांत आम्ही तिघं एका लहान खोलीत होतो आणि आमची सहल घेऊन आलेले गृहस्थ घामाघूम होऊन धावत आले. “काका, सांगून टाका, घरचं मडकं फुटलं होतं, गंमत म्हणून आणलंय. सांगा आणि सुटा. बस उभी आहे.”

“मडकं नाही ते.” काका ताठ बसले. मग रखवालदाराकडे वळून, स्टँडवर लागायचा तसा आवाज लावून त्यांनी सांगितलं, “इटली! युवर इटली! नॉट इंडिया! ओन्ली इटली!”

याहून स्वच्छ कबुली कुठल्या चोराने दिली नसेल. रखवालदाराने फोन उचलला. मी इंग्रजीत समजावत होते, आम्ही हे भारतातून आणलंय, यांच्या बागेत सापडलंय, आणि माझं वाक्य संपलं की हे पुन्हा “इटली! रोमन!” म्हणत. सहलीचे गृहस्थ कपाळाला हात लावून बसले. काकू एकदाच म्हणाल्या, “अहो, गप्प बसा. आत घालतील.” ते म्हणाले, “घालू देत. पण खोटं नाही सांगायचा मी.”

थोड्या वेळाने एक बाई आल्या, पिकलेले आखूड केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. तिथल्या मातीच्या भांड्यांच्या त्या जाणकार होत्या. त्यांनी कान हातात घेतला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे असं ओळखीच्या वस्तूसारखं पाहिलं की काका खुर्चीत पुढे सरकले. बाईंनी भिंग लावलं. आतून त्यांचं एक खापर आणून शेजारी ठेवलं. एकदा हे, एकदा ते. आता आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. कान इटलीचा ठरला तर आम्ही चोर होतो, आणि नाही ठरला तर मोकळे. खोलीतल्या प्रत्येकाला तो इटलीचा नसावा असं वाटत होतं. एकट्या काकांना तो इटलीचा हवा होता.

बाईंनी मला इंग्रजीत विचारलं, “तुमच्या भागात डोंगर कुठल्या खडकाचे?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. सह्याद्री लाव्हारसाचा बनलेला आहे, हे मी दर वर्षी शिकवते. फळ्यावर थरांची आकृती काढते. काळा कातळ, ज्वालामुखीचा खडक. त्या नमुन्यांच्या पेटीतला तुकडासुद्धा घाटातूनच आणलेला होता. मी सूक्ष्मदर्शकातून आमच्याच डोंगराचा चुरा बघितला होता आणि मला आठवला होता तो इटलीचा ज्वालामुखी.

मला उत्तर येत नाही असं समजून बाईंनी सोपा प्रश्न काकांनाच विचारला. तुमच्या गावच्या किनाऱ्याची वाळू कुठल्या रंगाची? त्यांनी बोटांनी वाळू चिमटीतून सोडून दाखवली. काकांना कळलं. गावाबद्दल कुणी विचारलं की त्यांना चढायचा तसा त्यांना अभिमान चढला. “ब्लॅक!” ते हात पसरून म्हणाले. “व्हेरी ब्लॅक, मॅडम! फुल ब्लॅक!”

आणि पसरलेले हात तसेच राहिले. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी खिडकीबाहेर बघितलं.

बाई हळुवार बोलल्या. आमच्या वाळूत चमकणारे हिरवट स्फटिक असतात, यात ते नाहीत, कण मंद काळे आहेत. माती आमची नाही. रखवालदार हसला, काकांचा खांदा थोपटून सॉरी म्हणाला. सहलीचे गृहस्थ “चला, सुटलो!” म्हणत बस सांभाळायला पळाले. बाईंनी कान परत कागदात गुंडाळून दिला आणि, परत नेताना तुमच्या देशातल्या कायद्याप्रमाणे जे सांगायचं ते सांगा, असं बजावलं. मग जाता जाता आणखी एक गोष्ट त्या मला म्हणाल्या, आणि दोघांना ती सांगायची म्हणून मी मराठीत सांगितली, “त्या म्हणतात, माती तुमच्याकडची आहे, पण घडण हुबेहूब यांच्या रांजणाची. ज्याने हा केला त्याने यांचा रांजण समोर ठेवून केला असणार.” काकांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी नमस्कार केला आणि ते बाहेर गेले.

बाहेर उन्हात एका पडक्या घराच्या पायरीवर ते बसले. म्हातारे दिसत होते. मी म्हणाले, “काका, चूक माझी आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं...”

“तुम्ही चूक काय सांगितलंत? ज्वालामुखीचेच कण होते.” ते टोपी झटकत होते. “कुठल्या ज्वालामुखीचे, ते मी विचारलं नाही.”

काकू त्यांच्या शेजारी बसून डब्यातला उरलेला चिवडा नीट करत होत्या. मग काका मान वर न करता म्हणाले, “घरी गेल्यावर पहिलं काम, रोपं सांगायची. पावसाच्या आत लागली पाहिजेत. आठ.”

“सात सांगा,” काकू म्हणाल्या.

“आठ ठरलेत. शब्द दिलाय मी.”

“सात.” काकूंनी डब्याचं झाकण लावलं. “ती बाई काय म्हणाली ते ऐकलंत का तरी? माती आपल्याकडची, आणि बघून केलान. म्हणजे करणारा आपल्याकडचाच ना? मग त्याची भट्टी कुठं होती? इथं? तिसऱ्या खड्ड्यात मिळाला ना तुम्हाला, तो खड्डा राहू दे.”

काका काकूंकडे वळले. बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. ते उठले नाहीत. लग्नाला पन्नास वर्षं झाल्यावर त्यांनी बायकोला खापराबद्दल पहिला प्रश्न विचारला.

“भट्टी खाडीकडे असेल, का विहिरीकडे?”

“खाडीकडे,” काकू लगेच म्हणाल्या. “विहिरीकडची माती नुसती भुसभुशीत. चिकट माती त्या आठांच्या पलीकडे आहे. चुलीला माती मी कुठनं आणत होते एवढी वर्षं, कधी विचारलंत?”